मधली चौकट

सरांच्या पलंगावर इस्पितळाच्या सॉफ्टवेअरचा नकाशा पसरून तिने त्याच्या कोपऱ्यांवर औषधाच्या बाटल्या ठेवल्या.

“आज ओळखतीलच असं नाही हं,” काकू दारातूनच म्हणाल्या.

“चालेल, काकू. पण सरांना विचारल्याशिवाय मी कापणार नाही.”

इस्पितळाचं सगळं सॉफ्टवेअर सरांनी उभं केलं होतं आणि ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आजारपणाने सरांची आठवण नेली, मागे राहिला त्यांचा दंडक: ‘रुग्ण’ या भागाचे तुकडे करायचे नाहीत. भर घालायला मात्र सगळे मोकळे! खाट, जेवण, औषध, बिल, जे येईल ते थोरल्या सुनेसारखं त्याच्याच गळ्यात. आता जेवणाची वेळ बदलली तरी घरी सोडायचे कागद अडत होते. इस्पितळाच्या साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, “नेमकं कुठे कापायचं ते उद्या दाखवा, नाहीतर सगळंच मोडीत.”

कुठला भाग कुठल्या भागाला जोडलाय याचं संगणकाने काढून दिलेलं पहिलं चित्र म्हणजे मांजराने खेळलेला लोकरीचा गुंडा होता. साहेब हसले आणि ती हट्टालाच पेटली. किरकोळ चौकटी तिने मोठ्यांच्या पोटात घातल्या. जिथे देवाणघेवाण जास्त, तिथे रेघ जाड केली. शेवटी सगळं हाताने मोठ्या कागदावर उतरवलं, तेव्हा कुठे दिसलं. फुगली होती ती मधली एकच चौकट, ‘रुग्ण’ची. बाकीचं घर धडधाकट होतं. तेवढी फोडली की सरांची उभी हयात वाचत होती.

सर नकाशावर वाकले. एका जाड रेघेवरून त्यांचं बोट सरकत सरकत मध्यावर आलं.

“कुणी केलंय हे? सगळा संसार एकाच्याच डोक्यावर! गाढवच दिसतोय.”

तिने सरांकडे पाहिलं.

“गाढव नव्हता हो. एकटा होता. आणि इस्पितळ दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं.”

“मग आता फोडा की. अडलंय कुठे?”

“त्यानेच बजावलंय, फोडायचं नाही म्हणून.”

“मेला का तो?”

काकू खिडकीकडे वळल्या.

“नाही.”

“मग विचारा ना त्याला!”

“विचारलं, सर,” ती म्हणाली आणि तिने लाल पेनाचं टोपण काढलं.