दोन हजार तीनशे दहा

"अगं, इकडे ये आधी! चहा राहू दे."

बायको हात पुसत आतून आली, तर कासवशेठ स्क्रीनसमोर डोक्याला हात लावून उभे. संगणक दुरुस्तीच्या दोन दिवसांच्या कामाला पाच दिवस लावतात म्हणून गल्लीने त्यांचं हे नाव ठेवलेलं. पण गृहस्थांना वेड मात्र वेगाचं. संगणकात स्क्रीनवरची चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला कारखाना वेगाची हद्द आखून देतो. सॉफ्टवेअरमधून ती थोडीफार सरकते, पुढे नाही. कासवशेठ कार्डाच्या आतला प्रोग्रामच बदलून ती ओलांडत. एकाच खोक्यातली दोन कार्डं सारखी नसतात, हजारात एखादंच जातिवंत निघतं. ते एकदा आपल्या हाती लागावं, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी. वीस वर्षांत त्यांचं एकही कार्ड एकवीसशे मेगाहर्ट्झच्या पुढे गेलं नव्हतं. तिथे पोचलं की स्क्रीनवर रंगीत ठिपके येत आणि मशीन मान टाकी.

आज आकडा होता दोन हजार तीनशे दहा. तास होऊन गेला, एक ठिपका नाही.

"तापलंय का?" बायकोने विचारलं. ऐकून ऐकून तिलाही सगळं पाठ होतं.

"पासष्ट अंश. घामसुद्धा फुटला नाही त्याला!"

कासवशेठ लहान मुलासारखे हसत होते. त्यांना असं बघून तिलाही हसू आलं. कौतुकाने ती वाकली आणि तशीच थांबली.

"अहो, ह्याच्या पाठीवर पांढरं स्टिकर आहे."

कासवशेठ पुढे होऊन वाकले. स्टिकरचं कार्ड बाईंचं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंच्या मुलाने परदेशी जाण्याआधी त्यांना संगणक जोडून दिला होता, आणि धूळ काढायला त्यांनी कार्ड इथे दिलं होतं. कासवशेठचं कार्डही त्याच कंपनीचं, तेच मॉडेल. सकाळी बायकोने टेबल पुसताना डावीकडचं उजवीकडे ठेवलं, आणि यांनी न बघता बसवलं.

"बाई त्यावर फोटो तर बघतात," बायको हळूच म्हणाली. "तुमचंही चांगलंच आहे की. त्यांना काय फरक पडणार?"

"काहीच नाही."

"मग?"

कासवशेठनी मशीन बंद करून कार्ड काढलं. स्टिकरच्या कोपऱ्याखाली नख घातलं. कोपरा सहज सुटला. ते कार्ड त्यांना हवं होतं, अगदी जीव जाईल इतकं हवं होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी अंगठ्याने तो कोपरा पुन्हा दाबून बसवला.

"नको गं. आकडा बघायला जाईन आणि दिसेल हे स्टिकरच."

त्यांनी मूळचा प्रोग्राम परत घातला, वेग कारखान्याच्या हद्दीत आणला. दुपारी बाईंच्या घरी जाऊन स्वतः कार्ड बसवलं आणि झालेली चूक सगळी सांगून टाकली.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे फार हुशार आहे म्हणा ना."

"असं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, बाई."

"माझ्या वर्गात एक होती अशी. वडिलांची बदली झाली, तीन महिन्यांत गेली."

"मग?"

"मग काय! दाखला लिहून दिला. चांगल्या अक्षरात."

कासवशेठ खळखळून हसले. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. जगात असं कार्ड असतं, ते आपल्या टेबलावर तासभर धावलं आणि आपण ते पाहिलं. एवढं काय कमी होतं?

"नातीचे फोटो आलेत, बघून जा," म्हणत बाईंनी संगणक लावला. पहिल्याच फोटोत नात दात पडलेलं तोंड उघडून हसत होती. बाई एकेक फोटो सावकाश पुढे सरकवत राहिल्या. कासवशेठ कान देऊन उभे होते. एवढ्याशा कामाला कार्डाचा पंखासुद्धा फिरला नाही.