गोड बातमी

सत्त्याण्णव साली आमच्या तुळिंजच्या बिल्डिंगमध्ये टँकर आला की युद्धच पेटायचं. त्या शनिवारी मी दोन कळश्या भरून जिन्याकडे निघाले, तर शेजारच्या जागृतीवहिनींनी एक कळशी माझ्या हातातून हिसकावलीच.

"अशा दिवसांत कसलं वजन उचलतेस?"

"कसल्या दिवसांत?"

"पुरे गं लाजणं! सिद्धेशभाऊंनी आमच्याच फोनवर तुझ्या सरांना सांगितलं ना, तिला दिवस गेलेत, आता कबड्डी बंद. मी तिथेच भाजी निवडत होते. मला म्हणाले, ती लाजते, विचारू नका."

मला दिवसबिवस काही गेले नव्हते. मी आठवडाभर श्रीपत सरांच्या फोनची वाट बघत होते. जिल्ह्याच्या संघातून खेळले की एका कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी पक्की होती. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून सरांना वहिनींचा नंबर दिला होता. वहिनींकडे चौकशी माझा नवरा सिद्धेशच करायचा, म्हणून फोन आला का, असं मी रोज त्याला विचारायचे. "येईल गं, धीर धर," असं तो म्हणायचा. माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचा.

हातातली कळशी तिथेच टाकली आणि वहिनींच्या घरून सरांना फोन लावला.

"अभिनंदन, उन्नती!" सर म्हणाले. "तुझ्या जागी वटारच्या फ्लॉसीला घेतलंय. संघ सकाळीच गेला. तू तब्येत सांभाळ."

थँक्यू म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याचं थोबाड रंगवलं असतं. पण हा सिद्धेश! लग्नाआधी यानेच मला मैदानावर नेलं, घोट्याची पकड शिकवली. तोही चढाईला जायचा, पण त्याची निवड कधी झाली नाही आणि माझी होत गेली. मागे विरारच्या सामन्यात माइकवरून कुणीतरी म्हणालं, "उन्नतीच्या मिस्टरांनी आपली स्कूटर हलवावी." सगळे हसले, मीही हसले. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल. कसली खुळी मी!

संध्याकाळी त्याच्या यायच्या वेळेला मी ट्रॅकपँट घातली, सरावाची दोरी घेतली आणि खाली आवारात उड्या मारायला लागले.

"अगं, वेड लागलं का? पोटात बाळ आहे!" वहिनी गॅलरीतून किंचाळल्या. बायका धावत खाली आल्या. एकीने दोरी धरायला बघितलं. मी थांबले नाही. रागाने डोळे इतके भरून आले की दोरी दिसत नव्हती, पण पाय चुकले नाहीत.

सिद्धेश गेटातून आत आला. वहिनींनी धावत जाऊन त्याचा दंड धरला. "भाऊ, तुम्ही तरी थांबवा हिला!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "वर चल," तो पुटपुटला. "घरात बोलू."

"इथेच बोल," मी उड्या मारत म्हणाले. "सांग सगळ्यांना, कितवा महिना आहे ते."

त्याने मान खाली घातली. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि त्याचा दंड सोडून दिला.