सात महिने न वाजलेली थाळी

लक्ष्मीबाई वारून सात महिने झाले आणि गावातला बायकांवरचा जुलूम संपला. निदान सरपंच किशनरावांच्या कागदावर तरी तसं लिहिलेलं होतं.

तो कागद घेऊन ते सकाळीच जळबाच्या ओसरीवर आले. जळबा भाकर खात बसला होता. उद्या तालुक्याचे साहेब येणार होते, वेशीवर 'अत्याचारमुक्त गाव' असा फलक लागणार होता. फक्त महिला समितीच्या अध्यक्षांची सही राहिली होती. अध्यक्ष जळबाची बायको लक्ष्मीबाई होती आणि तिच्या जागी कुणाला नेमायचं राहूनच गेलं होतं.

"तिची सही म्या कशी करू?"

"घरवाले तुमीच ना. जळबाभाऊ, सात महिन्यांत थाळी वाजली का एकदा तरी?"

"न्हाई."

"मंग? जुलूम असता तर वाजली नसती का?"

थाळी जवळा बाजार या गावाहून आणलेली, जाड पितळेची. कुठं बाईवर हात उठला की लक्ष्मीबाई थाळी-उलथणं घेऊन त्या दारात उभी राहायची आणि वाजवत सुटायची. आळीतल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. शिवी नाही, आत शिरणं नाही. माणूस बाहेर येऊन सगळ्यांसमोर भुईवर बसला की मगच थाळी थांबायची. असा बसलेला पहिला माणूस जळबाच होता. तीस वर्षांपूर्वी बैलाला पाणी दाखवायला तिला उशीर झाला, म्हणून त्यानं हात उचलला होता. त्यानंतर कधी उचलला नाही. लक्ष्मीबाई त्या थाळीला 'तुमची थाळी' म्हणायची.

ती गेल्यावर दुसऱ्या ताटात घास उतरेना, म्हणून जळबा त्याच थाळीत जेवू लागला. थाळी वाजत नव्हती, ती एवढ्यासाठी.

शेजारच्या घरात प्रमोद उद्याची शपथ पाठ करत होता. समितीचा सचिव तो, शपथ तोच देणार होता. "मी स्त्रीचा सन्मान करीन, मी स्त्रीवर..." इथं शपथ थांबली. भांडं आदळलं. चापट वाजली. त्याची बायको शिला ओरडली, "आई गं!" मग शपथ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

किशनराव पेनाचं टोपण बघत म्हणाले, "भांडं पडलं असंल."

"मागच्या महिन्यातबी पडलं. म्या जेवत होतो."

जळबानं उरलेली भाकर टोपलीत टाकली आणि थाळी धुतली. आता हात पुसून सही करतील, म्हणून किशनरावांनी कागद पुढं सरकवला. जळबा उलथणं घेऊन थेट प्रमोदच्या दारात गेला.

त्याला वाजवता येत नव्हतं. नुसता खणखणाट झाला. समोरून भिकाबाई ओरडली, "आजच काहून वाजवून राहिले? कार्यक्रम उद्या हाय!"

"उद्याचा उद्या. हा आजचा हाय."

तिनं प्रमोदच्या दाराकडं पाहिलं आणि पिठाच्या हातानंच आली. तिच्यामागं आणखी सात-आठ जणी आल्या.

प्रमोद शपथेचा कागद हातात धरूनच बाहेर आला. "काका, बाप्या माणसाला शोभतं का हे?"

"न्हाई शोभत. म्हणून सात महिने गप बसलो. बस खाली."

"तुमी मारलं न्हाई का काकूला?"

"मारलं. अन् याच थाळीपुढं बसलो, सगळ्यांच्या देखत. बस."

प्रमोदनं बायकांकडं पाहिलं. कुणी दारातून हलत नव्हतं. तो बसला. कागद मात्र धूळ लागू नये म्हणून त्यानं वर धरला.

तेवढ्यात शिला बाहेर आली. गाल लाल होता. तिनं जळबाच्या हातातून थाळी घेतली, उलथणं घेतलं आणि स्वतः वाजवू लागली. प्रमोद बसलेला होता, तरी बराच वेळ वाजवत राहिली. कुणी तिला थांब म्हटलं नाही.

"जळबाभाऊ," किशनराव मागून हळूच म्हणाले, "आता या फारमात काय लिहू?"

"वाजली म्हणून लिहा. त्याच्याखाली करतो सही."

किशनरावांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

दुपारी जळबा जेवायला बसला. थाळी शिलाकडंच राहिली होती. दुसरं ताट त्यानं मांडलं, पुन्हा ठेवून दिलं, आणि भाकर हातावर घेऊन खाल्ली.