एकोणसाठच्या गाडीचा डावा पंख

“अब्बा, तुम्ही स्वतः कधी कॅडिलॅकमध्ये बसलाय का?”

प्रश्न रिदाने विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणी चैताली आणि स्नेहाची होती. शाळेत दर शनिवारी कुणाचे तरी पालक येऊन आपल्या कामाविषयी सांगायचे, आणि त्या शनिवारी नववी ‘ब’मध्ये रिदाचे अब्बा आले होते. वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आल्यापासून रिदाला चारचौघांत उठून बोलायचं म्हटलं की अंगात नुसतं वारं भरायचं. मागच्या बाकावरून चिठ्ठी आली, ‘विचारून दाखव,’ आणि रिदा बाईसाहेब उठल्याच.

रिदाचे अब्बा सरफराजभाई द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात डेंटर होते. ठोकर खाल्लेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून ठोकून सरळ करायचा, हे त्यांचं काम. सुरुवातीला ते फळ्यापाशी हात मागे बांधून अवघडून उभे होते. मग वर्गशिक्षिका सरिता बाईंनी आवडती गाडी विचारली आणि अब्बा जे सुटले, ते सुटलेच. एकोणीसशे दोनमध्ये कॅडिलॅक ही अमेरिकन कंपनी निघाली. डेट्रॉइट शहर वसवणाऱ्या एका फ्रेंच माणसाचं नाव तिला दिलं. एकोणीसशे बारामध्ये त्यांनी बटणावर सुरू होणारी गाडी आणली आणि पुढे जाऊन हँडल मारायची कटकट संपली. फ्लीटवूड, डी व्हिल, एल्डोराडो, मग ती अवाढव्य एस्कलेड, आणि आता विजेवरची लिरिक. नावं अशी घेत होते, जणू घरातल्याच मुली. अठ्ठेचाळीस साली लढाऊ विमान बघून त्यांनी गाडीला मागे दोन पंख काढले आणि एकोणसाठला ते सगळ्यात उंच झाले. ते पंख अब्बांनी फळ्यावर काढले. रेघ काढून झाली की तिच्यावरून ते पालथा हात हलकेच फिरवत होते, पत्र्यावर फिरवतात तसा. त्यामुळे बोटांना खडू लागला होता. सगळा वर्ग गप्प होऊन बघत होता.

आणि तेवढ्यात हा प्रश्न.

“नाही,” अब्बा म्हणाले.

वर्ग खो खो हसला. मागून कुणीतरी म्हणालं, मग फोटो बघूनच का सगळं? अब्बांनी रिदाकडे एकदा पाहिलं, रुमालाला बोटं पुसली आणि बाईंना म्हणाले, बाकी विशेष काही नाही, निघतो मी.

स्नेहाने पाठीवर थाप मारली. रिदाही हसली. हसू पुरतं दहा मिनिटंही टिकलं नाही.

कारण उत्तर तिला आधीपासून माहीत होतं. सहा वर्षांची असताना ती गॅरेजात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत चढून बसली होती, तेव्हा अब्बांनी तिला उचलून खाली ठेवलं आणि ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्ताद सलाउद्दीनचाचांचा नियम सांगितला. पत्र्याचं काम करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या गाडीत बसायचं नाही. आत बसलं की फक्त गादी कळते, पोचा बाहेरूनच दिसतो.

तिच्या जन्माच्या आदल्या वर्षी गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून एकोणसाठची कॅडिलॅक कामाला आली होती. भिंतीला धडकून डावा पंख पार चेचलेला. सुटा भाग कुठून मिळणार? अब्बांनी सपाट पत्र्यातून तो पंख पाच महिने ठोकून काढला. डोळे मिटून एक हात उजव्या पंखावरून, एक डाव्यावरून फिरवायचे. फरक लागेनासा झाला तेव्हाच थांबले. मालकांनी दार उघडून धरलं, म्हणाले, बसा उस्ताद, एक चक्कर मारू. अब्बा बसले नाहीत. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते डाव्या पंखाकडेच बघत राहिले.

ही गोष्ट रिदाने शंभरदा ऐकली होती. फळ्यावर पंख काढून झाले होते, आता तीच गोष्ट यायची होती. रिदाने नेमका तिथे खो घातला.

अब्बा रागावले नाहीत, तेच वाईट झालं. रिदा माफी मागायला गेली तर म्हणाले, अगं, तू खरं विचारलंस, मी खरं सांगितलं. पण अम्मीला, म्हणजे नसीमला, त्यांनी हळूच सांगितलं की यापुढे शाळेत तूच जात जा, मला सुट्टी मिळत नाही. नववीपर्यंत एकही पालकसभा न चुकवलेला माणूस. आणि जेवताना गाड्यांचा विषयच बंद झाला. घरात इतकी शांतता रिदाला माहीतच नव्हती.

गुरुवारी तिने ताट बाजूला सरकवलं.

“मी बाईंशी बोललेय,” ती म्हणाली. नेहमीचा खणखणीत आवाज आज जरा चिरकला. “या शनिवारी मी बोलणार आहे. आधी हे सांगणार, की उत्तर मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तुमचं हसं करायला विचारलं. मग डाव्या पंखाचं सांगणार. अब्बा, तुम्ही आलात तर चुकलेलं दुरुस्त करा. नाही आलात, तरी मी बोलणारच.”