पायरीखालचा पाइप

आखातातल्या बुदैया गावातल्या घरात वरच्या बाथरूमला सहा इंचांची पायरी होती आणि तिच्यावरून झोहराची सासू महिन्यात दोनदा पडली होती. म्हणून झोहराने अझहर सुताराला बोलावलं आणि प्लायवूड टाकून उंच केलेली ती जमीन काढायला सांगितली. कुजलेलं प्लाय पापुद्र्यांनी सुटत गेलं. खाली स्लॅबवर आडवा पाइप निघाला.

"भाबी, कमोडचं मूळ भोक इथं आहे," अझहर म्हणाला. "पण इथं सरळ बसवला तर तोंड किब्ल्याकडे होतं, आपण नमाज पढतो त्याच दिशेला. म्हणून कुणीतरी तो पलीकडे नेला आणि पाइप झाकायला जमीन उचलली."

"मग राहू दे पायरी," सासू दारातून म्हणाली. "पडेन एखादवेळी, पण तिकडे तोंड करून बसायची नाही."

झोहराने मोबाइलवर दिशा पाहिली, टेपने भिंतीपासून भोकापर्यंतचं अंतर मोजलं. "याच भोकावर साठ अंश वळवून तिरका बसेल? मग पायरी लागणार नाही."

"बसेल. पण वाकडा दिसेल."

"कोण बघायला येतंय?" सासू म्हणाली. "बसव तिरका. आणि ते प्लाय आधी खाली ने."