इतिहासाच्या पेपरची लेखनिक

"तुम्ही तिला उत्तर सांगितलंत," भूगोलाचे सर दारातूनच म्हणाले.

लेखनिक बाईंनी हातातलं वाक्य पुरं केलं आणि मगच चष्म्यावरून वर पाहिलं. "स्वल्पविराम की पूर्णविराम, एवढंच विचारलं."

"मी कुजबुज ऐकली."

"मग जे ऐकलंत ते लिहून ठेवा. मीही तेवढंच करतेय."

सरांनी खुर्ची ओढली आणि ते मुद्दाम बाईंच्या पाठीमागे येऊन बसले.

बाईंचा स्वभाव मुळातच तिखट. कोर्टात तेहतीस वर्षं त्या लघुलेखक होत्या. चोरांच्या, नवरा-बायकोंच्या, शपथेवर खोटं बोलणाऱ्यांच्या साक्षी त्यांनी शब्दाला शब्द उतरवल्या होत्या, आणि कुणाच्याही तोंडी पदरचा शब्द घातला नव्हता. निवृत्तीनंतर घरी बसून सुनेशी कुरबुरी करण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी परीक्षेत मुलांची उत्तरं लिहून द्यायचं हे काम धरलं. मुलांचा कळवळा वगैरे आपल्याला नाही, असं त्या तोंडावर सांगत.

मुलगी नववीतली. जन्मापासूनच तिचे हात आणि मान तिच्या कह्यात नव्हते. चाकांच्या खुर्चीत बसे. शब्द ओठांवर यायला वेळ लागे आणि येताना अर्धेमुर्धे मोडून येत. डोकं मात्र लख्ख. तिचं बोलणं कळायला बाईंना तीन आठवडे लागले. शाळेतल्या बहुतेकांना ते तीन वर्षांत जमलं नव्हतं, कारण तेवढं थांबायला कुणाला सवडच नव्हती. पहिल्याच भेटीत तिने, बाईंना कळेपर्यंत चारदा सांगून, बजावलं होतं, "माझं वाक्य सुधारायचं नाही." बाईंना ती तिथेच आवडली, पण त्यांनी तसं काही दाखवलं नाही.

वार्षिक परीक्षेला दोघींना वर्गात नाही, प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत बसवलं होतं. मोडकी स्टुलं, गुंडाळलेले नकाशे, एका कोपऱ्यात फुटक्या परीक्षानळ्यांचं खोकं. वर्गात तिच्या बोलण्याने बाकीच्या मुलांचं लक्ष उडतं म्हणे. उंबऱ्यावरून खुर्ची आत घ्यायला कुणी पुढे झालं नाही. मुलीचे वडील आणि बाई, दोघांनी मिळून ती उचलली, आणि वडील तसेच कामावर पळाले.

"प्रश्न चौथा," मुलगी म्हणाली आणि तिने तहाचं साल सांगितलं. ते चुकीचं होतं.

बाईंचं पेन कागदावर टेकायच्या आधी किंचित थबकलं. तेवढंच. मग त्यांनी चुकीचं साल ठसठशीत अक्षरात लिहिलं.

मुलीची नजर पेनावरच होती. "थांबलात."

"पुढे सांग."

ती लिहिलेल्या सालाकडे बघत राहिली. वेळ जात होता तो तिचाच होता. "आठवलं मला," ती शेवटी म्हणाली. "पण राहू दे. आता बदललं तर ते म्हणतील, तुम्ही सांगितलं."

"काय म्हणतेय ती?" सरांनी मागून विचारलं.

"म्हणतेय, आता बदललं तर ते म्हणतील, तुम्ही सांगितलं. ते म्हणजे तुम्ही."

तेहतीस वर्षांत बाईंना स्वतःच्या हाताची लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशी, तो थबकला म्हणून, वाटली.

एक वाजता घंटा झाली. शेवटचा आठ गुणांचा प्रश्न निम्म्यावर होता. अशा विद्यार्थ्यांना अर्धा तास जास्त द्यावा, असं परिपत्रक शाळेच्या फलकावर लागलेलं होतं. तरी सर उठले आणि त्यांनी बाईंच्या हाताखालची उत्तरपत्रिका ओढली. पेनाची रेघ पानभर गेली.

"अर्धा तास आहे अजून," बाई म्हणाल्या.

"मुख्याध्यापिकांनी सांगितलंय. दुपारी रंगारी येणार आहेत. हिच्या एकटीपायी सगळी शाळा खोळंबून ठेवायची का?"

मुलगी बोलतच होती. तिचं वाक्य संपलं नव्हतं. बाईंनी ते रिकाम्या हाताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

कार्यालयात मुख्याध्यापिकांनी एक छापील कागद पुढे केला. सर्व सवलती मिळाल्या, असं त्यावर होतं. "खाली दोघींच्या सह्या. तपासणीला लागतात."

बाईंनी कागद उलटला, मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या आणि कोर्टात वाचायच्या तशा सपाट आवाजात वाचून दाखवल्या. "दहाला सुरुवात. एकला उत्तरपत्रिका काढून घेतली. जादा अर्धा तास दिला नाही. शेवटचं उत्तर अपुरं." खाली सही ठोकली.

"हिला इथे ठेवून घेतलंय हेच पुष्कळ आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अशांसाठी वेगळ्या शाळा असतात. परवाच्या पेपरला तुम्ही येऊ नका. लेखनिक आम्ही बघू."

"त्याला हिचं बोलणं कळलं पाहिजे."

"ते आमचं आम्ही बघू." त्यांनी खणातून दुसरा छापील कागद काढला आणि शाईचा पॅड मुलीपुढे सरकवला. "तुमची सही राहू द्या. हिचा अंगठा पुरे."

मुलीने मान हलवली. आधी ती भलतीकडेच गेली, मग नकाराकडे आली. "मी सही करते. बाईंच्या कागदावर."

बाईंनी ते मुख्याध्यापिकांना जसंच्या तसं सांगितलं.

"सही येते? मग लेखनिक कशाला हवा? तेही नोंदवून ठेवते मी."

त्यांनी कुठे पेच टाकला हे बाईंना लगेच कळलं. त्या मुलीकडे वाकल्या. "नीट विचार कर. पुढच्या वर्षी हेच तुझ्या अंगाशी आणतील."

"कागद धरा," मुलगी म्हणाली.

बाईंनी पेन तिच्या मुठीत बसवलं, दोन बोटांनी कागद दाबून धरला आणि पुढे तिच्या हाताला हात लावला नाही. पहिलं अक्षर उमटायला मिनिटभर लागलं. सर दारात उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं. मुख्याध्यापिकांनी एक फाईल उघडली आणि मिटली. मुलीच्या हनुवटीवरून लाळ ओघळली, ती तिने खांद्याला पुसली आणि मूठ पुन्हा कागदावर आणली.

सही पुरी झाली तेव्हा बाईंनी कागद उचलला. नावाचं शेवटचं अक्षर कागदाच्या कडेवरून खाली उतरून मुख्याध्यापिकांच्या टेबलाच्या काचेवर उमटलं होतं.