मॉपचा कंगवा

चेंडू पुन्हा माझ्या पायाशी येऊन थांबला. सासूबाईंच्या उजव्या हातातून तो नुसताच निसटला होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या हाताची बोटं मिटतच नव्हती.

"आई, दाब की जरा. डॉक्टर काय म्हणाले? आता हलली नाहीत बोटं तर पुढे अवघड आहे," ह्यांनी चेंडू उचलून परत दिला.

"चेंडू खेळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

सासूबाईंनी जन्मभर दवाखान्यातल्या फरश्या पुसल्या. घरातला मॉपही त्या तशाच निगुतीने धुवायच्या. गरम पाण्यात सोडा घालून खळबळायचा, घट्ट पिळायचा, दोऱ्या कंगव्याने विंचरायच्या आणि डोकं वर करून उन्हात उभा करायचा. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मोरीतल्या त्या कंगव्याने मी केस विंचरले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "आता तुलाही उन्हात उभी करू का?"

त्यांच्या आजारपणात माझी तारांबळ उडाली आणि मॉप बादलीतच राहू लागला. त्या दिवशी तो बाहेर काढला तसा घरभर कुबट वास पसरला.

सासूबाईंनी नाक मुरडलं. "आण इकडे."

"अहो आई, तुम्ही कशाला?"

"आण म्हटलं ना."

मी बादली त्यांच्या खुर्चीपुढे ठेवली. डाव्या हाताने त्यांनी मॉप खळबळला, पाणी बदलायला लावलं, पुन्हा खळबळला. मग पिळायची वेळ आली आणि उजवा हात आपसूक पुढे सरकला. ओल्या दोऱ्यांवर टेकला. करंगळी मिटली, मागोमाग बाकीची बोटं. पीळ बसला आणि बादलीत धार लागली.

औषधांना आणि आमच्या विनवण्यांना जे जमलं नव्हतं, ते एका कुबट मॉपने करून दाखवलं होतं. कामावर निघालेले हे एकाच पायात चप्पल घालून दारात तसेच उभे राहिले.

"आई, तुझा हात..."

"दिसतंय मला. कंगवा कुठाय?"

कंगवा मात्र त्यांच्या बोटांत टिकेना. दोनदा पडला, तेव्हा त्यांनी मुकाट्याने तो माझ्याकडे सरकवला.

"टोकाकडून सोडव गुंता. वरून ओढू नकोस."

मी विंचरत राहिले. त्यांनी उजव्या हाताने दांडा धरून ठेवला होता. माझं विंचरून झालं, तरी त्यांनी तो सोडला नाही.